पहिलं अर्धं मिनिट

वहिनी नवस बोलल्या तेव्हा मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गंजक्या स्क्रूंच्या गर्दीत पडून होतो. झाकण किलकिलं होतं म्हणून ऐकू आलं. "देवा, वन्संचा आवाज या खोलीत पुन्हा घुमेपर्यंत मीही तोंडातून शब्द काढणार नाही." झालं. त्या दिवसापासून भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनीच घासाघीस.

मी कपॅसिटर. जुनी माणसं मला कंडेन्सर म्हणतात. करंगळीएवढं अंग, रंग तपकिरी. कारखान्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा अशी माझी वळकटी केली, दोन तारांचे पाय लावले आणि पाठीवर ६३० छापलं. म्हणजे सहाशे तीस व्होल्टपर्यंत मी तग धरतो. वाल्व्हच्या, म्हणजे तापल्यावरच काम करणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, यंत्रात माझं काम दारवानाचं. जाळणारी वीज अलीकडे थोपवायची, गाणं तेवढं पलीकडे सोडायचं. पण हे काम मला कधी मिळालंच नव्हतं. मास्तरांनी मला हौसेनं विकत घेतलं आणि डब्यात टाकून विसरून गेले.

मास्तर म्हणजे वहिनींचे यजमान. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, म्हणून गल्लीनं ही पदवी दिली. आता नजर अधू झालेली, त्यामुळे मीटरचा काटा वाचायचं काम वहिनींकडे आलं होतं. वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. एके काळी फार गोड गायच्या. गळ्याच्या ऑपरेशनात आजार गेला आणि त्याबरोबर आवाजही गेला. तरुणपणी गायलेली एक तबकडी तेवढी उरली होती. ती वाजवायचा वाल्व्हचा अँप्लिफायर त्यांच्या दिवंगत यजमानांनी स्वतः बांधलेला. त्यातला ट्रान्सफॉर्मर तर त्यांनी तांब्याच्या तारेचा एकेक वेढा मोजत गुंडाळला होता. तसा दुसरा आता कोण करून देणार? "ऐकेन तर यांच्याच यंत्रावर," असं वन्संनी पाटीवर लिहिलं होतं, आणि त्याखाली रेघ ओढली होती.

आणि नेमकं तेच यंत्र घुरघुरत होतं.

नवव्या दिवशी सकाळी मास्तरांनी ते टेबलावर उलटं केलं. बंद यंत्रसुद्धा चावतं, म्हणून आधी आत साठलेली वीज उतरवली. दुखणं लगेच सापडलं. माझ्या जातीचा एक म्हातारा पाझरू लागला होता. त्याला काढलं. आता त्याच्या जागी कोण?

डबा उपडा झाला आणि मी टेबलावर आलो. माझ्या शेजारी मखमली पेटीत एक सोनेरी अक्षरांचा, जाडजूड कपॅसिटर झोपला होता. जावईबापूंनी तो खास आणला होता.

"बाबा, यानं आवाज असा खुलेल ना, की तुम्ही म्हणाल गाणारी समोर बसलीय," जावईबापू म्हणाले.

"समोरच बसलीय की," मास्तर म्हणाले. खुर्चीतल्या वन्सं हसल्या.

"आणि हा काय? बिडीचं थोटूक?" जावईबापूंनी मला चिमटीत उचललं.

"असू दे. जुना आहे, पण नेकीचा." मास्तर क्षणभर घुटमळले. मग जावयाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्ही एवढ्या हौसेनं आणलाय, तर तोच लावू. किती व्होल्टचा आहे?"

"अडीचशे."

"आधी मोजून घेऊ. त्या जागी येतात किती, बघू या."

मीटर लावला, बटण दाबलं. मास्तरांची सवय अशी, की वाल्व्ह लाल होऊन यंत्र तापलं की मगच आकडा घ्यायचा. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. "काटा थांबला की लिहून दे," ते म्हणाले आणि वाल्व्हकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

पण वहिनी काट्याकडे पहिल्यापासून बघत होत्या, निरांजनाच्या ज्योतीकडे बघावं तशा. बटण दाबताच काटा झपकन तीनशे ऐंशीवर गेला. अर्धं मिनिट तिथेच थरथरला. मग वाल्व्ह तापले तसा हळूहळू उतरला आणि एकशे नव्वदवर थांबला. वहिनींनी १९० लिहिलं, जावईबापूंनी ते मोठ्यानं वाचलं.

"अडीचशेचा चालेल. भरपूर आहे," मास्तर म्हणाले.

मी टेबलावर पडल्या पडल्या गारठलो. अहो, वाल्व्ह थंड असेपर्यंत वीज पीत नाहीत, म्हणून सगळा दाब त्या जागी येऊन उभा राहतो! सोनेरी गडी फुटला की वीज पलीकडे घुसणार, शेवटचा वाल्व्ह लालबुंद होणार आणि तांब्याचे ते वेढे जळून कोळसा. पण मला तोंड कुठे आहे?

सोल्डरचा धूर निघाला. सोनेरी गडी जागेवर बसला. वहिनींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी रिकाम्या मखमली पेटीवरचा आकडा वाचला, घाईनं कागदावर लिहिलं, "आधी ३८० होतं," आणि कागद मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांचा चष्मा कपाळावर. "चहाचं मागाहून," म्हणत त्यांनी न वाचताच त्या कागदावर गरम सोल्डरिंगचा स्टँड ठेवून दिला.

वहिनींनी टेबल ठोकलं. जावईबापू हसले. "आई, आज मुक्याचा खेळ का? किती अक्षरी?"

तबकडी फिरू लागली. वन्सं खुर्चीत पुढे सरकल्या. मास्तरांचं बोट बटणावर गेलं. वहिनींनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. नऊ दिवस सांभाळलेला नवस. घास तोंडाशी आला होता.

"अहो, थांबा!"

मास्तरांचं बोट बटणावरच थिजलं. शब्द नऊ दिवसांचा साचलेला, फाटका निघाला. "तीनशे ऐंशी झालं होतं! सुरुवातीला! मग उतरलं!"

मास्तरांनी बोट मागे घेतलं. "वाल्व्ह थंड असताना... अगं, चाळीस वर्षांत मी कधी तिकडे पाहिलंच नाही." जावईबापूंचा चेहरा उतरला. "बाबा, मी नुसतं आवाजाचं कौतुकच वाचलं. आकडा नाही." त्यांनी स्वतःच मला उचललं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

पुन्हा वीज उतरवली, पुन्हा धूर निघाला. बटण दाबलं तेव्हा तीनशे ऐंशी व्होल्ट माझ्या छातीवर आले. मी सगळा ताठ झालो. मग वाल्व्ह तापले, दाब उतरला, आणि माझ्या अंगातून एका विशीतल्या मुलीचा आवाज पलीकडे गेला.

वन्संनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत.

वहिनी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "वन्सं, थोडक्यासाठी मोडला हो माझा नवस."

वन्संनी पाटी ओढली. "बरं झालं. या घरात बोलणारं कुणीतरी हवंच ना मला."

आता मी यंत्राच्या पोटात, गरम वाल्व्हच्या शेजारी राबतो. कुणाला दिसत नाही, त्याचं दुःखही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आपल्या माणसासाठी वहिनींसारखा एखादा नवस बोला आणि जिवापाड पाळा. पण त्याच माणसाचं काही जळायची वेळ आली, तर वहिनींसारखाच तो मोडा. देव समजून घेतो.