आभार, सुटल्यावर

अभयचं तेलवाहू जहाज आखातात अडवलं गेलं. अडवणाऱ्या देशात धर्मगुरूंचं राज्य. अभय जहाजावर थर्ड इंजिनिअर. इकडे नायगावात त्याचे वडील भिवा आणि बायको प्रिती ही दोघं टीव्ही लावेनाशी झाली, कारण लावला की कोणीतरी युद्ध करा म्हणून ओरडत असायचं.

महिना उलटला आणि त्या देशाच्या कॉन्सुलेटमधून फोन आला. शुक्रवारी घरच्यांनी यावं, त्यांच्या सर्वोच्च गुरूंच्या दयेबद्दल कॅमेऱ्यासमोर आभार मानावेत. मग सुटकेचं बघता येईल.

"जाऊ या, आप्पा," प्रिती लगेच म्हणाली.

भिवाला ते गिळवेना. "डोकं झाकलं नाही म्हणून पोरींना तुरुंगात टाकतात ते. पोथी पुढे करून माणसाला कसं दाबतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आणि आभार त्यांच्या दयेचे?"

शेवटी त्याने ऋताला बोलावलं. ती अभयची कॉलेजातली मैत्रीण, ठाकूरद्वारची. फोर्टमधल्या एका संस्थेत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करायची.

"आपल्या सरकारने करायचं तरी काय, ऋता?"

"संबंध तोडले तर उद्या फोन उचलायलाही तिकडे कोणी राहणार नाही, काका. नौदल घुसवलं तर पहिल्या गोळ्या जहाजावरच्या पोरांनाच लागतील. राहिली बोलणी. पण बोलायला बसलं की त्या लोकांना मान मिळतो. तिथे तुरुंगात बसलेल्या मुलींना वाटतं, जग आपल्याला विसरलं."

"तू काय लिहितेस?"

"आजवर कडक लिहीत आले. आता अभय आत आहे, तर माझा हात मऊ पडतोय. म्हणून माझ्या सल्ल्यावर जाऊ नका."

शुक्रवारी भिवा आणि प्रिती कॉन्सुलेटमध्ये गेली. प्रितीची पाळी आली तशी तिथल्या माणसाने डोक्याकडे खूण केली. तिने मुकाट्याने ओढणी वर घेतली. भिवाला बघवेना. तो पुढे झाला आणि माइकसमोर म्हणाला, "मेरे लडके ने आपका कुछ नहीं बिगाडा. उसको छोडो. छोडने के बाद आभार मानूंगा. पहले नहीं."

कॅमेरा बंद झाला. प्रितीला बोलूच दिलं नाही.

पुढे जहाजावरचे लोक तुकड्यांनी सुटू लागले. पहिल्या तुकडीत अभय नव्हता.

"मान माझी होती, आप्पा," प्रिती म्हणाली. "झुकवायची की नाही, ते मी ठरवलं होतं."

त्यानंतर ती त्याचं ताट वाढायची, पण बोलायची नाही. एका सकाळी भिवा कोणाला न सांगता एकटाच कॉन्सुलेटच्या गेटवर गेला. म्हणतील ते बोलायची त्याची तयारी होती. वॉचमनने आत सोडलं नाही. दुपारपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा राहून तो परत आला.

पावसाळा सरता सरता अभय सुटला. वाळला होता, पण धड होता. दुसऱ्या दिवशी भिवाने विचारलं, "माझ्या बोलण्यामुळे तुला मागे ठेवलं का रे?"

"तुमचं बोलणं? आम्हाला कुठे काय कळत होतं! जहाजावर वीज चालू ठेवायला इंजिनवाले लागायचे, म्हणून आम्हाला ठेवून घेतलं. मग त्यांचं कुठलंसं अडकलेलं जहाज सुटलं म्हणे, आणि आम्हाला सोडलं."

भिवाने श्वास सोडला. प्रितीकडे बघितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक नव्हतं."

"नव्हतं," भिवा म्हणाला. मग आपण गेटवर जाऊन उभे राहिलो होतो, ते त्याने सांगितलं.



"सांगायचं होतंत," प्रिती म्हणाली. "मीही आले असते."