श्रेयाच्या लेकीचा श्वास

या मायबापांनो, टाळ घटकाभर खाली ठेवा आणि जवळ सरका. लासुर्ण्याच्या श्रेयाची गोष्ट सांगतो. ऐकताना जीव जड होईल, पण ऐका.

श्रेयाला दुसरीही मुलगीच झाली, तीही सातव्या महिन्यात. बारामतीच्या दवाखान्यात लेकीला काचेच्या पेटीत ठेवलं, घशात श्वासाची नळी. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि पायल सिस्टरनं लगेच इवल्या नाकाला हवेचं मशीन लावलं.

"नळी निघाली, म्हंजी सुटली की पोर!" सासू छबूबाई म्हणाल्या.

"न्हाय आजी. फुप्फुसं कच्ची हायेत. ही हवा दाबानं जाते म्हणून उघडी राहत्यात. मशीन काढलं तर मिटतील. आठवडा तरी लागंल."

"पोरीच्या जातीला केवढं कवतिक! उद्या पाचवी हाय. सटवाई काय हितं दवाखान्यात पुजू?"

श्रेया वरच्या मजल्यावर होती, टाके अजून ओले. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा शंभूराज बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्यापुढं उभा राहिला.

"चल. डॉक्टरांनी सुट्टी दिली."

"एवढ्यात? आन् नाकातली हवा?"

"आता लागत न्हाय म्हणाले. माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

होता. म्हणून तर ती उठली.

घरी पाटा-वरवंटा मांडून पूजा सुरू झाली, तेव्हा बाळ कण्हत होतं. श्वासागणिक छाती आत ओढली जात होती.

"गाडी काढा!" श्रेया किंचाळली.

"आरती तर हू दे," छबूबाई म्हणाल्या. शंभूराज जागचा हलला नाही.

गाडी निघाली ती आरतीनंतर. बारामती दिसायला लागली आणि मांडीवरची धडपड थांबली.

दवाखान्यात पायलनं भरल्या डोळ्यांनी कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'डॉक्टरांचा सल्ला न मानता, स्वतःच्या जबाबदारीवर बाळ नेत आहे.' खाली शंभूराजची सही.

श्रेया शंभूराजकडं वळली. "थोरल्या जाऊबाईंचा ऋषिराज नऊ दिवस ह्याच मशीनवर व्हता. तवा तुमी जेवायलाबी घरी गेला न्हाय."

"आई म्हणाली म्हणून..."

"सही आईनं केली व्हय?"

थोरल्या लेकीला, राजनंदिनीला, कडेवर घेऊन ती बावड्याला माहेरी गेली, ती आजतागायत परतली नाही.

मायबापांनो, धाकटीचं बारसं झालंच नाही. तिच्या पेटीवर 'श्रेयाचं बाळ' एवढीच चिठ्ठी होती. उद्या तुमच्या लेकीसाठी, नातीसाठी असा कागद कुणी पुढं केला, तर हातात पेन घेण्याआधी तिला आठवा.