पुढचं वाक्य राहिलं

मी एक कॅमेरा बोलतोय. पण लग्नातले, सहलीतले फोटो माझ्या नशिबी नाहीत. बायकांच्या गर्भपिशवीचं तोंड, एवढंच माझं जग. हसू नका. तिथे कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी खुणा दिसू लागतात आणि त्या शोधायलाच माझा जन्म झालाय.

एका खटपट्या इंजिनिअरने मोबाइलची लेन्स, बारीक दिव्यांचं कडं आणि हातात मावेल अशी मूठ जोडून मला घडवलं. मोठ्या इस्पितळातल्या माझ्या थोरल्या भावाला स्वतंत्र खोली लागते, त्याचा थाटच वेगळा. मला सिस्टरांच्या पिशवीतला कोपरा पुरतो.

दोन खोल्यांच्या दवाखान्यात आमचं काम चालतं. सिस्टर कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावतात आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबतात. बिघाड असेल तर तेवढा भाग पांढरा पडतो. मग मी फोटो काढतो.

ती आली शिलाईच्या कारखान्यातून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. काज-बटणं करणारी. टेबलावर आडवी झाल्यावर म्हणाली, "अहो सिस्टर, इतकं निरखून तर घरात कोणी माझ्या तोंडाकडेही बघत नाही!" सिस्टर खुदकन हसल्या. मिनिट भरलं आणि मला पांढरा डाग दिसला, कडा अगदी ठळक.

चांगली बातमी आधी सांगायची, ही सिस्टरांची सवय. "घाबरू नका, कॅन्सर नाहीये," त्या म्हणाल्या. ती रडली, हसली, सिस्टरांचे हात घट्ट धरले. "पण डाग आहे. गुरुवारी डॉक्टरीणबाई येतात, तेव्हा काढून टाकू. दहा मिनिटांचं काम," हे पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. मान हलवली, चपला घातल्या आणि गेली.

सहा महिन्यांत कितीतरी गुरुवार आले नि गेले. तिने दिलेला नंबर लागत नाही. आता माझी बॅटरीही लवकर उतरते. दार वाजलं की वाटतं, तीच आली. नंतर कितीतरी जणी तपासल्या, पण जीव तिच्यातच अडकलाय. ती जागा एकदा स्वच्छ झालेली डोळे भरून बघायचीय, बस्स.

आज तिची धाकटी जाऊ आली. "जाऊबाईंनी पाठवलं. त्याच, काज-बटणवाल्या. म्हणाल्या, दुखत नाही आणि मनाची धाकधूक जाते."

सिस्टरांच्या हातातला बोळा तसाच राहिला. "आणि त्या का नाही आल्या?"

"त्या कशाला येतील? तुम्हीच सांगितलंत ना, काही नाही म्हणून! सगळ्या कारखान्याला सांगत सुटल्यात, तपासून घ्या गं."

सिस्टरांनी बोळा खाली ठेवला. घरच्या माणसालाही दुसरीचा आजार सांगायचा नसतो. त्यांनी एवढंच विचारलं, "कारखाना किती वाजता सुटतो?"

काज-बटणवाल्या ताई, आज संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी एक बाई तुमची वाट बघत उभी असेल. घाईत असाल, तरी तिचं बोलणं संपेपर्यंत थांबा.