खिसा उघडा हवा

मी एक जुना कोट आहे. रंग राखाडी, त्यात बारीक तपकिरी चौकडी, आतून काळे अस्तर आणि डाव्या बाजूला एक खिसा. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीत या चित्रपट-संग्रहालयात येता, माझ्या काचेला नाक लावता, काचेवर वाफ सोडता आणि पुढच्या दालनात पळता. आज जरा थांबा. मला एका माणसाचा राग आहे. वीस वर्षे झाली, तो अजून उतरलेला नाही. तो का आला आणि मी त्याचे काय केले, हे मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका स्टुडिओच्या कपडेपटात झाला. नटांचे कपडे जिथे शिवतात आणि ठेवतात ती ही खोली. तिथे एक लांब टेबल, दोन इस्त्र्या आणि कडी मोडलेली खिडकी होती. मला बेतले, कापले आणि शिवले ते मावशीने. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण दिग्दर्शकापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे तिचे बोलणे नेहमी थोडक्यात असे.

एरवी चित्रपटासाठी एकासारखे एक तीन कोट शिवतात. माझे कापड मात्र तागा संपतानाचे होते. त्यात एकच कोट बसला. मावशीने सगळी दुकाने पालथी घातली, पण तसा तुकडा पुन्हा मिळाला नाही. मी एकटाच उरलो आणि पुढचे सगळे रामायण त्यावरूनच झाले.

तो चित्रपट वेळेत मागे जाणाऱ्या माणसाचा होता. मोठमोठी माणसे त्याच्यापुढे डोके धरून बसतात, पण गोष्ट सोपी आहे. बोटांवर मोजत चला. एक कारकून संध्याकाळी कचेरीतल्या जुन्या लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्टचे दार उघडते तेव्हा बाहेर त्याच दिवसाची सकाळ असते. बाहेर पडताना लोखंडी जाळीच्या दारात त्याचा खिसा अडकतो आणि टर्रकन फाटतो. आता त्या दिवशी गावात तो दोनदा आहे. एक, जो अजून लिफ्टमध्ये शिरलेला नाही. दुसरा, जो जाऊन आला आहे आणि संध्याकाळी आपल्या मुलीला रस्त्यावर अपघात होणार हे ज्याला ठाऊक आहे. तोंड तेच, चाल तीच, कोटही तोच. मग प्रेक्षकाने ओळखायचे कसे? माझ्यावरून! खिसा धड, तर हा अजून गेलेला नाही. खिसा फाटका, तर हा जाऊन आला आहे. संध्याकाळी धड खिशाचा लिफ्टमध्ये जातो, फाटक्या खिशाचा मुलीला वाचवून घरी येतो. दोघांपैकी एकच उरतो आणि हिशेब जुळतो.

पण चित्रपट गोष्टीच्या क्रमाने काढत नाहीत, मित्रांनो. कारकुनाच्या घराची जागा आम्हाला पहिले चारच दिवस मिळाली होती, म्हणून शेवट आधी काढला. मी लिफ्टच्या दारात फाटलो तो चौदाव्या दिवशी, आणि तोपर्यंत मावशीने माझा खिसा पाच वेळा उसवून पाच वेळा शिवला होता. नायक पडद्यावर एकदाच मागे गेला. मी सारखा जात होतो, कधीकधी तर सकाळच्या चहाच्या आधी.

खिसा धड हवा असला की मावशी माझ्याच किनारीतून धागा ओढून काढी आणि रफू करी. त्याला चाळीस मिनिटे लागत. फाटका हवा असला की बारीक कात्रीने एकेक टाका उचली. त्याला दहा मिनिटे. घाई करून ओढला असता तर कापड कायमचे गेले असते आणि दुसरा कोट नव्हता. कोणत्या दृश्यात मी कसा होतो, हे तिने वहीत लिहिले नाही. माझ्या अस्तराच्या आत तिने दोन बोटे रुंदीची पांढरी पट्टी शिवली आणि त्यावर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईने रोज एक ओळ लिहीत गेली. "वहीवर कुणीतरी चहाचा कप ठेवणार," ती म्हणाली, "कोट काही नायकाच्या अंगावरून हरवत नाही."

तिसऱ्या दिवशी शेवटचे दृश्य होते. दृश्य एकसष्ट. नायक घरी येतो, मुलीसमोर जेवायला बसतो. त्याआधीचे दृश्य धड खिशाचे होते, म्हणून मी धड होतो. मावशी कात्री घेऊन पुढे आली. दिग्दर्शक खिडकीकडे बघत होते. त्यांना सगळे साहेब म्हणत.

"मावशी, बाजूला व्हा. ऊन जातंय."

"दहा मिनिटं द्या, साहेब. खिसा उघडा हवा."

"कोण बघतंय खिसा?"

"सगळा पिक्चर खिशावर चाललाय, साहेब. खिसा बंद राहिला तर हा लिफ्टमध्ये गेलेलाच नाही. मग मुलीला वाचवून आला तो कोण?"

साहेब हसले. "मावशी, तुम्ही टाके घाला. गोष्ट मी सांगतो."

सगळी खोली हसली. नायकही हसला, तेही मला अंगात घालून, त्यामुळे ते हसणे माझ्या शिवणीशिवणीत हलले. मावशीने कात्री मिटली. मी खिसा बंद ठेवून जेवायच्या टेबलाशी बसलो आणि ते खोटे कायमचे टिपले गेले. संध्याकाळी तिने पट्टीवर नेहमीसारखी ओळ लिहिली. ती जरा लांब होती.

चित्रपट पहिल्यांदा दाखवला तेव्हा निर्माते उठून उभे राहिले. "शेवटी खिसा बंद कसा? मला आता काही कळेनासंच झालं. घरी कोण आलंय?"

साहेबांनी मानही वळवली नाही. "कपडेपटाची चूक. मावशींचं वय झालंय आता."

मावशी मागे दारापाशी उभी होती. मी तिच्या हातावर होतो. "पट्टीवर लिहिलंय, साहेब," ती म्हणाली, "बघून घ्या." साहेब आले, त्यांनी मला तिच्या हातावरून उचलले आणि म्हणाले, "कोट राहू दे इथेच. तुम्ही उद्यापासून येऊ नका." चित्रपटाच्या अखेरीस नावांची लांबलचक यादी येते. त्यातून तिचे नाव काढून टाकले. बातमी स्टुडिओ-स्टुडिओत पोचली, की हिच्यामुळे शेवट नासला. तिला पुन्हा कोणी काम दिले नाही. बत्तीस वर्षांत एक टाका वाकडा न गेलेल्या बाईवर ही वेळ आली. मला पेटीत कोंबले आणि वर झाकण लावले. त्या अंधारात मी ठरवले की या माणसाला मी सोडणार नाही.

खरी चीड तर पुढे आहे. चित्रपट लागला. लोक गोंधळले, भांडले, पुन्हा बघायला गेले. एका समीक्षकाने लिहिले की खिसा नीट पाहा, तो धड नाही, रफू केलेला आहे! म्हणजे घरी आलेला हा तिसराच माणूस. दोनदा मागे जाऊन आलेला, आणि घरच्यांना कळू नये म्हणून खिसा शिवून घेतलेला. वा! लोक वेडे झाले. पारितोषिक मिळाले. साहेबांनी ते हातात घेऊन सांगितले, "खिसा मी मुद्दाम बंद ठेवला होता." चूक होती तोवर ती मावशीची होती. त्याच चुकीचे कौतुक सुरू झाले आणि ती साहेबांची झाली!

मग मला पेटीतून काढून या काचेत टांगले. खाली पाटी लावली, 'दिग्दर्शकाच्या प्रतिभेची खूण'. ती पाटी वाचत मी वर्षानुवर्षे लटकलो. साहेब पाहुणे घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवून तिसऱ्या माणसाची कथा सांगत.  मी रात्रंदिवस एकच काम करी, पट्टी जपणे. कसर लागली तेव्हा मी तिला मनोमन विनवले, बाई, बाही खा, कॉलर खा, पण त्या पट्टीला तोंड लावू नकोस. कसरीने ऐकले. माझी उजवी कॉलर पाहा, तिची अवस्था त्यामुळेच झाली आहे.

मला दोनच माणसे आवडत. एक या दालनाचे राखणदार काका. दुसरे एक आजोबा. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी तो चित्रपट एकोणीस वेळा पाहिला होता. ते आलेखाचा मोठा कागद घेऊन येत. त्यावर धड खिशाची निळी रेघ आणि फाटक्या खिशाची लाल रेघ.

"तिसरा माणूस आला कुठून?" ते काकांना विचारत. "तिसरा हवा तर लिफ्ट दोनदा मागे जायला हवी. ती एकदाच जाते, मी मोजलीय. ही चूक आहे हो, निव्वळ चूक."

"आजोबा, साहेब स्वतः म्हणालेत, मुद्दाम केलंय."

"मग साहेब खोटं बोलतायत."

मला बाह्या आहेत, पण त्यांत हात नाहीत. नाहीतर मी त्यांना तिथेच मिठी मारली असती.

यंदा चित्रपटाला वीस वर्षे झाली. मोठा समारंभ ठरला आणि साहेबांनी फर्मान काढले, "मंचावर तो कोट मी घालणार." माझा खांदा उसवला होता आणि साहेबांचे पोट सुटले होते. काका मला पिशवीत घालून दोन शिंप्यांकडे गेले. दोघांनी हात जोडले. "हे रफूचं काम आहे," दुसरा म्हणाला, "हे करणारी आता एकच बाई उरलीय." आणि त्याने पत्ता दिला.

किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे एक चिंचोळे दुकान होते. जाड चष्मा लावलेली एक म्हातारी पँट आखूड करत होती. तोंडात टाचण्या होत्या. काकांनी मला टेबलावर ठेवले. तिचा हात माझ्या खिशावरून फिरला आणि थांबला. तिने एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या.

"कुणाला घालायचाय?"

"साहेबांना. तो खिसा मुद्दाम बंद ठेवला होता ना, ते साहेब."

"मुद्दाम?"

"हो. तेच सांगणार आहेत भाषणात."

मावशीने मला आपल्या बाजूला ओढून घेतले. मग म्हणाली, "परवा या."

काका गेल्यावर तिने माझे अस्तर उलगडले. पट्टी जशीच्या तशी होती. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. "जपलंस रे," ती म्हणाली. मित्रांनो, मला रडता येत नाही, त्या दिवशी ते बरे झाले. ओला कोट इस्त्रीला चांगला नसतो.

तिने खांदा पक्का शिवला. पोटाची शिवण सोडून सैल केली. मग बारीक कात्री घेतली आणि वीस वर्षे बंद असलेला खिसा, टाक्यामागून टाका, दहा मिनिटांत उघडला. शेवटी अस्तर मिटले, पण ते कच्च्या दोऱ्याने. कच्चा दोरा म्हणजे शिंपी तात्पुरता घालतो तो, एका झटक्यात निघावा म्हणून. तिने गाठही मारली नाही. पुढचे माझ्यावर सोडले.

सभागृह भरले होते. साहेबांनी मला चढवले. त्यांच्या अंगाला अत्तराचा उग्र वास होता. मी श्वास रोखल्यासारखा शिवण रोखून बसलो. साहेबांनी तिसऱ्या माणसाचे पुराण सुरू केले, तेवढ्यात सहाव्या रांगेतून आलेखवाले आजोबा उठले.

"साहेब, एक शंका. आज खिसा फाटका आहे."

साहेबांनी खाली पाहिले. लोक हसायला लागले. "म्हणजे तुम्ही जाऊन आलेले," आजोबा म्हणाले, "तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मग सांगा ना खरं."

साहेबांनी लोकांना शांत करायला दोन्ही हात वर केले. मी याच क्षणाची वाट बघत होतो. मी दोरा सोडला. अस्तर सर्रकन सुटले आणि पट्टी साहेबांच्या गुडघ्यापर्यंत लोंबायला लागली. त्यांनी ती वर कोंबायचा प्रयत्न केला, तशी ती आणखी बाहेर आली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरची सगळ्यात लांब ओळ ध्वनिवर्धकावर मोठ्याने वाचली.

"दिवस तीन. दृश्य एकसष्ट. खिसा उघडा हवा. मी दहा मिनिटं मागितली. साहेब नको म्हणाले. ऊन जातंय म्हणाले. खिसा बंद. चूक राहिली."

कोणी हसले नाही. "ही... जुनी काहीतरी चिठ्ठी आहे," साहेब म्हणाले. तेव्हा पहिल्या रांगेतून नायक उठला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. "खरं आहे ते," तो म्हणाला, "मी तिथेच होतो. कोट माझ्याच अंगात होता. सगळ्यांबरोबर मीपण हसलो होतो मावशींना."

साहेबांना भाषण पुरे करता आले नाही. त्यांना मला काढायची घाई झाली, पण मी सहजासहजी निघालो नाही. डावी बाही मी मनगटाशी धरून ठेवली आणि भरल्या सभागृहात त्यांना तीन हिसके मारायला लावले. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

आता खालची पाटी बदलली आहे. तिच्यावर मावशीचे नाव आहे, आणि चित्रपटाच्या नव्या प्रतीत शेवटच्या यादीतही आहे. माझा खिसा चित्रपटातल्यासारखा पुन्हा बंद करून द्या, असे सांगायला संग्रहालयवाले तिच्याकडे गेले, तर ती म्हणाली, "आता कुठे तो बरोबर झालाय. हात लावू नका." तिने साहेबांना माफ केले आहे म्हणे. मी केलेले नाही. ते हल्ली मागच्या जिन्याने जातात, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी पट्टी जराशी हलवतो.

मित्रांनो, कपडे जपा. उसवले तर वेळीच शिवून घ्या, पेटीत कोंबू नका, कसरीपासून सांभाळा. आणि शिवणारे माणूस दहा मिनिटे मागेल तेव्हा ती द्या. तुम्ही काचेपाशी येऊन नेहमी विचारता ना, तिसरा माणूस खरंच होता का? होता. मी त्याला पाहिला आहे. तो कॅमेऱ्याच्या मागे, मिटलेली कात्री हातात धरून उभा होता, आणि त्या खोलीत ती गोष्ट फक्त त्यालाच कळली होती.