मुकादमाचं दाभण

शरणम्माचं लग्न झालं त्याच साली लातूर वेगळा जिल्हा झाला, पावसानं दडी मारली, आणि शरणम्माचा बाप धोंडप्पा मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांचा मुकादम झाला.

जुने मुकादम गुरुपादप्पा गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसले. जाताना पटक्यात खोचलेलं पोती शिवायचं दाभण काढून त्यांनी धोंडप्पाच्या हातावर ठेवलं. पोती उचलायचा लोखंडी आकडा लागून ज्याच्याकडून पोतं फाटेल त्यानं तसं सांगायचं आणि तिथंच बसून शिवायचं, ही त्यांनी टोळीला लावलेली शिस्त होती. बहात्तरच्या दुष्काळात, दाण्यादाण्यासाठी भांडणं होत असताना, त्यांनी स्वतःच्या हातून फाटलेलं पोतं चारचौघांत शिवलं होतं.

पाचव्याच दिवशी धोंडप्पाचा आकडा निसटला. ज्वारी भळाभळा सांडली. दुकानातून आडते गुरुबसप्पा ओरडले, "कुणी फाडलं रे?"

नवा मुकादम, पहिलाच आठवडा. धोंडप्पाच्या तोंडून निघून गेलं, "श्रीमंतनं."

टोळीतला श्रीमंत शेजारीच उभा होता. त्यानं धोंडप्पाकडं एकदा बघितलं. दाभण मागून घेतलं आणि मुकाट्यानं पोतं शिवलं.

दुसऱ्या दिवसापासून "म्या न्हाई, त्यानं" सुरू झालं. आठवड्यानं थप्पी हलवली, तर सहा पोती फाटकी बाजू भिंतीकडं करून लावलेली. मागं ज्वारीचा ढीग आणि त्यात उंदीर. विचारलं तर एकही पोतं कुणाचं नव्हतं.

गुरुपादप्पांनी वीस वर्षांत उभी केलेली टोळी धोंडप्पानं आठवड्यात घालवली होती. तो खाली बसला, दाभणात सुतळी ओवली.

"मालक, त्या दिवशीचं पोतं म्या फाडलं. श्रीमंतवर उगंच ढकललं."

"मग तवाच सांगायला काय झालतं?" गुरुबसप्पा म्हणाले.

"भ्यालो."

कुणी हललं नाही. धोंडप्पा पहिलं पोतं शिवू लागला. मग श्रीमंत जवळ आला, वाकून टाके बघू लागला.

"मुकादम, टाका लई लांब घालायलात. शरणम्मानं बघितलं तर सासरी तोंड लपवंल."

सगळे हसले. श्रीमंतनं एक पोतं ओढलं. "सरका. हे माझं हाय."

"कोपऱ्यातलं माझं," मागून कुणीतरी म्हणालं.

दुपारपर्यंत पाच पोत्यांना धनी मिळाले. सहाव्याला धनी मिळाला नाही; ते धोंडप्पानं आधीच शिवलं होतं.

संध्याकाळी त्यानं हे सगळं गुरुपादप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दाभण कुठं हाय?"

धोंडप्पानं पटक्यात खोचलेल्या दाभणाला हात लावला.

गुरुपादप्पा त्याच साली, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या सोमवारी, दिवस उगवताना वारले.