अण्णांचं लिंबू

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, माझा ट्रक डोळ्यांत खुपतो. रिमोटवर चालणारा, बॅटरीचा, जेमतेम हातभर लांब. गॅलरीतल्या टेबलावर मी तो सारखा उघडते आणि जोडते. ऑफिसातून मीरा रोडला परतल्यावर तेवढीच जागा माझी असते. बाकी सगळं घर अण्णांचं, आणि ते रोज ऐकवतात.

गेल्या दसऱ्याला पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा चालली होती. मी ट्रकलाही झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. ट्रक त्यावर चढला आणि उताणा पडला. अण्णा सगळ्या बिल्डिंगसमोर म्हणाले, "लिंबू चिरडत नाय ती गाडी कसली? खेळणं आहे ते. पुढच्या दसऱ्याला चिरडलं नाय, तर तुझं टेबल भंगारात." माझा नवरा स्वप्नील मोबाइलमध्ये बघत राहिला. तो नेहमी तिथेच बघतो.

मग मीही हट्टाला पेटले. वरची बॉडी काढून तुपाच्या डब्याची टाकी बसवली. आमच्या गल्लीत रोज येतो तसा पाण्याचा टँकर, आणि वजनासाठी टाकीत खरंच पाणी. टायरमधला स्पंज काढून शिशाचे छर्रे भरले. ताकद वाढावी म्हणून मोटरचा गिअर बदलला. पिकलेली लिंबं फुटू लागली. अण्णा पेपरआडून बघायचे. नवरात्रात त्यांनी गॅलरीच्या छताला झोपाळ्याचे हुक बसवून घेतले, माझं टेबल अजून खाली उभं असताना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दसऱ्याला लिंबू अण्णांनीच आणलं. हिरवंगार, दगडासारखं कडक, बाजारात दाबून दाबून निवडलेलं. स्वतःच्या हाताने चाकाखाली ठेवलं, तेही जरा कडेला.

"हेच का?" मी विचारलं.

"लिंबू ते लिंबू. चालव."

चाक फिरलं, सालीवर ओरखडे उमटले आणि लिंबू सटकन निसटलं. अख्खं. लोक हसले. अण्णांनी तर वॉचमनला टाळी दिली. "स्वप्नील, टेबल खाली आण!" आणि स्वप्नील खरंच लिफ्टकडे निघाला. त्या क्षणी मला तो अण्णांपेक्षाही नकोसा झाला.

अण्णांची स्कूटर हार घालून शेजारीच उभी होती. तिच्या चाकाखाली पिवळं, मऊ लिंबू होतं. ते मी काढलं आणि हिरवं ठेवलं. जरा कडेला, त्यांनी ठेवलं होतं तसंच.

"आता तुम्ही."

"वेडबीड लागलं काय तुला?"

"लिंबू ते लिंबू, अण्णा."

सगळे बघत होते, म्हणून त्यांना बसावंच लागलं. स्कूटर पुढे सरकली, चाकाखालून लिंबू उडालं आणि लिफ्टपाशी स्वप्नीलच्या पायाला लागून थांबलं. अख्खं. लोक मघापेक्षा जोरात हसले. वॉचमनसुद्धा.

"म्हणजे तुमचंही खेळणंच," मी म्हणाले.

संध्याकाळी रीत म्हणून मी वाकून नमस्कार केला, आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घ्या, अण्णा." त्यांनी पान घेतलं. आशीर्वाद दिला नाही, मला तो नकोही होता. मी टेबलाच्या खणातून पाना काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"झोपाळ्याचे हुक तुम्ही काढताय, की मी काढू?"