आंबट अंगारा

२००३ सालचं नवरात्र. भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीतली माणसं रोज संध्याकाळी अशोका गार्डनकडे लोटायची. तिथे नीळकंठ महाराजांच्या मांडवात सात वर्षांच्या केतकीला देवीमाईचं माणूस म्हणून पाटावर बसवलेलं असे. मनोहर फिटरची ही मुलगी जन्मतःच फिकट, केस मक्याच्या कणसासारखे, बुबुळं सतत थरथरणारी. महाराजांनी अंगारा चाटवला की दुसऱ्या दिवशी तिच्या दंडांवर निळेजांभळे वळ उठत.

"माई की उँगलियाँ हैं," महाराज म्हणत, "डॉक्टर से गिनवा लो."

लोकही अंगारा चाटत. कुणाचे गुडघे, कुणाचं डोकं खरोखरच दुखायचं थांबे. मग शंका कोण काढणार?

शेजारच्या क्वार्टरमधल्या इंदुमतीबाई वसाहतीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. केतकीच्या आईने, प्रमिलाने, दिलेली अंगाऱ्याची पुडी त्यांनी उघडली आणि नाक मुरडलं. व्हिनेगरचा वास. महाराज त्याला अमृताचा गंध म्हणत. अमृत आंबतं, हे बाईंना नवीनच कळलं.

"प्रमिला, राखेला आंबट वास कसा येईल गं?"

"ताई, तुमच्या नाकातच प्रयोगशाळा आहे."

"पोरीच्या हिरड्यांतून रक्त येतं. निदान ते तरी तपासून घे."

"माई हात फिरवते तिथे सुई टोचू? अष्टमीला महाराज तिच्या जिभेतून त्रिशूळ काढणार आहेत. आजवर कितीजणांच्या काढला, चार थेंब आले नि थांबले."

सप्तमीला बाई परीक्षानळी घेऊन मांडवात गेल्या. अंगारा पाण्यात उकळून आणला होता; त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच पाणी गर्द जांभळं झालं. ही दुखणं थांबवणारी ॲस्पिरिनची गोळी आहे, कुटून राखेत मिसळलेली, ओल लागली की तिलाच आंबट वास सुटतो, हे त्या सांगेपर्यंत पुढच्या रांगेने हात जोडले होते. पाण्यात माईच्या वळांचाच रंग उतरला, म्हणाली एक बाई. महाराजांनी नळी मागून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

मनोहरने बाईंना दंडाला धरून बाहेर आणलं. "मॅडम, माझ्या घरी देवी आली, ते तुम्हाला बघवत नाही का?"

अष्टमीला त्रिशूळ जिभेतून निघाला. रक्त थांबेना. बायकांनी ते कापसावर टिपून प्रसाद म्हणून पदरात बांधलं. पोरीची मान कलली तेव्हा प्रमिला उठली, आणि मांडवाबाहेर उभ्या असलेल्या बाईंनी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टर सुधांनी केस पाहिले, डोळे पाहिले. "रक्तातल्या प्लेटलेट पेशींत बारीक पिशव्या असतात," त्या म्हणाल्या. "जखम झाली की त्या कडेशी येऊन उघडतात आणि बाकीच्या पेशींना हाक जाते, इथे गोळा व्हा. पिशवी कशी घडवायची, कुठे न्यायची, कधी उघडायची, हे चिमुकली प्रथिनं ठरवतात, रेल्वेच्या सिग्नलसारखी. हिच्यात जन्मापासून तो सिग्नलच पडत नाही. हाक देणाऱ्या पिशव्या घडल्या नाहीत, केसांत नि बुबुळांत रंग भरणाऱ्याही नाहीत. रक्त थांबवायला एक दुसरी हाक उरली होती. ती ॲस्पिरिनने बंद केली."

दुसऱ्याच्या प्लेटलेट हव्या होत्या. अख्खी वसाहत बाह्या वर करून आली. डॉक्टरांनी विचारलं, अंगारा कुणी कुणी खाल्लाय?

रांगेतले हात एकेक करून वर गेले.

"मग तुमच्याही पेशी अजून आठवडाभर मुक्याच. न खाल्लेला माणूस आणा."

एकट्या इंदुमतीबाई पुढे झाल्या. त्यांचं रक्त पुरलं नाही. बाहेरून रक्ताच्या पिशव्या आल्या तोवर केतकी गेली होती.

महाराज पकडले गेले, जामिनावर सुटले. आता मिसरोदला त्यांचा मोठा मांडव आहे. मनोहर अजून म्हणतो, माईने आपलं माणूस परत नेलं. प्रमिला तान्ह्या धाकट्या मुलाला घेऊन ग्वाल्हेरला माहेरी गेली. त्याचं रक्त तपासून घेतल्यावरच तिने जावळ काढू दिलं. डॉक्टर सुधा हबीबगंजला दवाखाना चालवतात. इंदुमतीबाई निवृत्त झाल्या, त्यांना ती हात वर केलेली रांग अजून दिसते.

त्रिशूळ निघाल्यावर इतरांचं रक्त थांबलं, ते महाराजांनी नव्हे, त्यांच्या स्वतःच्या पेशींनी थांबवलं होतं. उगाच अंग निळं पडत असेल तर डॉक्टरकडे जा. पुडीत काय आहे ते विचारा, आणि जो सांगणार नाही त्याच्या हातचं मुलांच्या तोंडात घालू नका.